चालत्या पावलांचा नेम

मन स्थिर असल्याखेरीज कर्म नेमके होत नाही, हे तत्त्व आपल्याकडे लहानथोर सर्वांनाच मान्य आहे. प्रश्न उद्भवतो तो त्यापुढे. संसारातील बहुतेक कर्मे थांबून करता येत नाहीत. मग स्थिरतेची वाट पाहत बसावे, की चालता चालताच ती साधावी? या विचारासाठी आम्ही नेमबाजीचा दृष्टान्त घेत आहोत. आमच्या सीमाभागाला तो परका नाही.

निपाणीच्या उत्तरेस कोल्हापूर जिल्हा लागतो. त्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. तेथे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावयाचा असतो. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. श्वास आवरावा, अंगाचा कंप मावळू द्यावा आणि मग चाप दाबावा, अशी ही विद्या आहे. तिला ध्यानाची उपमा शोभते.

निपाणीहून दक्षिणेस बेळगावी आले, म्हणजे याच विद्येचे दुसरे रूप आठवते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे. या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढत होते. तुकडीतील जवळजवळ सारे सोबती पडल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि तो मोर्चा निकामी करून तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. धावणाऱ्याला श्वास आवरण्याची सवड कोठून असणार? त्याचे स्थैर्य त्याच्याबरोबरच धावले पाहिजे.

चालता चालता नेम धरण्याचा चांदमारीवरील सराव समजून घेण्याजोगा आहे. प्रथम रिकाम्या बंदुकीने चालावयाचे. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल टाचेकडून बोटांकडे अलगद टेकविलेले. कमरेखाली हालचाल आणि वर शांतता. डोक्यावर घागर घेतलेली बाई पाणवठ्यावरून अशीच येते. खाचखळगे तिचे पाय सोसतात, पाणी डचमळत नाही. तरीही बंदुकीच्या टोकाची माशी लक्ष्यावर थोडी डोलतच राहते. नवशिका ती मध्यावर आली रे आली की चापाला हिसका देतो, आणि गोळी भलतीकडे जाते. जाणता मनुष्य तेवढा डोल मान्य करून चाप एकसारखा दाबत जातो. डोल वाढला तर तो चाल मंद करतो. लक्ष्य दिसेनासे झाले, किंवा त्याच्या मागे कोणी असल्याची शंका आली, तर चापावर बोटच ठेवीत नाही.

गीतेचा प्रसंग येथे सहज आठवतो. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा होता, तेव्हा अर्जुनाला उपदेश मिळाला. मात्र त्या उपदेशाचा उपयोग त्याला पुढे अठरा दिवस धावत्या रथात करावा लागला. देवळाच्या सभामंडपात हात जोडून आपण क्षणभर उभे राहतो, तो असाच थांबलेला रथ होय. तो क्षण आवश्यकच आहे; ज्याला उभ्याने नेम धरता येत नाही त्याला चालताना तो धरता येणार नाही. परंतु तेथील शांती बाजारात, कचेरीत, भावाभावांच्या वाटणीत टिकली की नाही, यावरच तिची परीक्षा होते.

मंदिराच्या वाचकांपुढे बंदुकीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. शब्दही सुटल्यावर परत येत नाही, हे आमचे उत्तर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून बेळगाव-निपाणीच्या माणसाला भाषेच्या प्रश्नावर बोलावे लागत आले आहे. तेही सभेत, मोर्चात, चहाच्या दुकानात, म्हणजे चालत्या पावलांनी. न्याय्य वाटणाऱ्या मागणीचा आग्रह कोणी सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारवर रोखलेला शब्द पुष्कळदा शेजारच्या कानडी दुकानदाराला, नाहीतर त्याच्या शाळकरी मुलाला लागतो. ज्याने तो सोडला त्याचा हेतू वाईट नसेलही. लक्ष्यामागे कोण उभे आहे, एवढे पाहण्याचे त्याच्याकडून राहून गेले.

म्हणून आम्हांस वाटते, की चित्त पूर्ण निश्चल होईपर्यंत कर्तव्य लांबणीवर टाकणे योग्य नव्हे. थोडा कंप माणसाच्या वाट्याला असणारच. मात्र जितके स्पष्ट दिसते तितकीच चाल ठेवावी, आणि दिसेनासे झाले की हात आवरावा. न झाडलेली गोळी कोणी गुणांत मोजीत नाही. तरी कित्येक वेळा साऱ्या सरावाचे सार्थक तिच्यातच असते.