सोबत्याने खरे सांगावे काय?

गेल्या सुट्टीत आमची बारा वर्षांची नात आमच्याकडे राहावयास आली होती. चार दिवस तिचे डोके पुस्तकातून वर निघाले नाही. शेवटी एकदा जेवताना तिने विचारले, "आजी, जो मित्र आपल्याशी खोटं बोलतो, तो खरा मित्र असतो का गं?" आम्ही सारा जन्म परिचारिकेचे काम केले, माणसे पुष्कळ पाहिली, परंतु ह्या प्रश्नाला आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. प्रश्न पुस्तकातून निघाला होता, म्हणून आधी पुस्तकाविषयी सांगतो.

रिक रायर्डन हे अमेरिकेतील टेक्सासचे एकेकाळचे शिक्षक. मुलाला रात्री ग्रीक पुराणांतील गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा त्यांनी पर्सी जॅक्सन हा नवा नायक रचला: समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, पण आजच्या काळात शाळेत जाणारा. पहिले पुस्तक २००५ साली निघाले आणि त्या मालेतील पाचवे २००९ साली. पर्सीचा सोबती ग्रोव्हर हा सॅटर आहे, म्हणजे कमरेच्या वर माणूस आणि खाली बोकड. शाळेत तो आपले खूर कोणास दिसू देत नाही. घाबरला की पत्र्याचे डबेसुद्धा चावून खातो. असा हा गमत्या, भित्रा प्राणी. पण पर्सीला राखण्याचे काम त्याच्याकडे आहे आणि तो ते सोडीत नाही.

आरंभीच पर्सीवर शाळेतील एक शिक्षिका राक्षसीण होऊन तुटून पडते. तो जिवानिशी वाचतो आणि ग्रोव्हरला तिच्याविषयी विचारतो. ग्रोव्हर सांगतो, अशी बाई शाळेत कधी नव्हतीच! खरे कळले तर मुलाचा धोका वाढेल, म्हणून ते लपविणे भाग असते. परंतु ग्रोव्हरला खोटे साधत नाही. उत्तर देण्यापूर्वी तो क्षणभर अडखळतो आणि तेवढ्यावरून पर्सी ओळखतो. आमच्या नातीचा राग नेमका ह्या जागी होता.

वाचकहो, तो अडखळण्याचा क्षण ऐकून आम्हांस आमची एक रात्रपाळी आठवली. पुष्कळ वर्षे झाली. वॉर्डात आपल्याच समाजाचे, कोकणातून आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही मराठी बोलतो हे कळल्यापासून ते आम्हांस "बाय" म्हणून हाक मारीत. पाळी बदलताना आम्हांस सांगण्यात आले होते की, ह्यांची रात्र निघणे कठीण आहे. मध्यरात्री ते म्हणाले, "बाय, माझ्या धाकट्याला फोन लावून देशील का गं?" दोघां भावांत कित्येक वर्षे बोलणे नव्हते. आम्ही हसून म्हटले, "काका, ह्या वेळी तुमचा आवाज ऐकला तर तो पलंगावरून खाली पडेल. सकाळी लावू." ते पोटभर हसले आणि डोळे मिटून पडले. पहाटे ते गेले.

ग्रोव्हर निदान अडखळला तरी. आम्ही अडखळलोसुद्धा नाही. आमचा विनोद इतका चोख होता की, त्यातून सत्याला बाहेर पडावयास फट राहिली नाही. त्यांचे मन दुखू नये म्हणून आम्ही बोललो, असे आम्ही तेव्हा स्वतःस सांगितले. आज वाटते, त्या रात्री आम्ही सांभाळले ते स्वतःचेच मन.

बिलामची गाढवी आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुढे तरवार उपसलेला दूत उभा होता; तो तिला दिसला, धन्याला दिसला नाही. तिने तीनदा मार खाल्ला, पण पुढे पाऊल टाकले नाही. वाचा फुटली तेव्हा तिने धन्याला विचारले की, इतकी वर्षे तू माझ्यावर बसलास, मी कधी अशी वागले होते काय? प्रश्न ऐकून हसू येते आणि उत्तर द्यावयाला तोंड उरत नाही. इमानी सोबत्याचा विनोद असा असावा. तो दुसऱ्याचे डोळे उघडण्यासाठी असतो, झाकण्यासाठी नव्हे.

ग्रोव्हरही पुढे ह्याच वाटेने जातो. मेडूसाच्या बागेत दगडी पुतळे पाहून त्याला धोक्याचा वास येतो. एक पुतळा हुबेहूब आपल्या काकासारखा दिसतो असे तो म्हणतो. पण भुकेल्या मित्रांचे लक्ष खाण्याकडे असते. तो मित्रांना टाकून पळून जात नाही. त्याच प्रवासात तो आपला जुना सल सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी त्याला एकाच मुलीला सुखरूप पोचवायचे होते. तिच्याबरोबरच्या दोन मुलांना त्याला टाकवले नाही, वाटेत वेळ गेला आणि ती मुलगी वाचली नाही. चौथ्या पुस्तकात तर, ज्या वनदेव पॅनचा शोध सॅटर लोक शतकानुशतके घेत होते, तो आता राहिला नाही, ही वार्ता तो आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगतो. ते त्याच्यावर चिडतात, तरी तो शब्द फिरवीत नाही. पहिल्या पुस्तकात खोटे बोलताना अडखळणारा तो हाच ग्रोव्हर.

नातीला आम्ही एवढेच म्हणालो, "खोटं बोलला म्हणून तो मित्र नाही, असं नको म्हणू. पण त्या खोट्यावर तो थांबून राहिला असता, तर मात्र तो मित्र राहिला नसता." मग त्या काकांची हकीकत तिला सांगितली. आजवर ती आम्ही कोणास सांगितली नव्हती.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजी, त्या भावाला कुणी सांगितलं का, की त्यांनी फोन लावायला सांगितला होता?"

आम्ही सांगितले नव्हते. तो धाकटा भाऊ आज हयात असेल तर फार वृद्ध असेल. तरीही आम्ही चौकशी सुरू केली आहे.