शिवीचं वजन आणि शिवीचा नेम

इंग्रजी मालिका-चित्रपटांची मराठी सबटायटल्स करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : मूळ शिवी किती 'जड' आहे? मी हे काम बरीच वर्षं करतो आहे, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न सोपा आहे. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या 'ऑफकॉम'नं २०१६ साली लोकांना विचारून शिव्यांची प्रतवारीच लावून ठेवली. 'डॅम', 'ब्लडी', 'बगर' सौम्य, 'शिट', 'आर्सहोल' मध्यम, 'बास्टर्ड' कडक, आणि 'फक' सगळ्यात वरच्या पायरीवर. यादी शेजारी ठेवायची, तेवढ्याच वजनाचा मराठी शब्द काट्यावर टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

माझा आक्षेप या काट्यालाच आहे. शिवी किती जड आहे हे कळलं तरी तिचा नेम कुणावर आहे हे कळत नाही. आणि नैतिक प्रश्न असतो तो नेमाचा.

मराठीत आपण 'शिव्याशाप' असा जोडशब्द वापरतो. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे इंग्रजीकडे पाहताना उपयोगी पडतं. 'डॅम' हा शाप आहे. देवानं अमक्याला नरकात धाडावं, अशी ती मागणी. बोलणारा स्वतः काही करत नाही, काम वर सोपवतो. आपल्या 'वाटोळं होवो' किंवा 'मसणात जा'सारखं. 'फक' हा शाप नव्हे. तिथे देवाचा संबंध नाही, सगळा मामला शरीराचा. देवाचा धाक ओसरला तसे शाप हलके झाले आणि शरीराच्या शिव्या वर सरकल्या. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं तेव्हा नायिकेच्या तोंडच्या एका 'ब्लडी'नं खळबळ उडाली होती. (पुलंची 'ती फुलराणी' याच नाटकावर बेतलेली.) १९५६ साली त्यावरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका झाली, तोवर 'ब्लडी' बोथट झाला होता. शर्यतीच्या प्रसंगात उच्चभ्रू मंडळींना दचकवायला 'आर्स' आणावा लागला. आज तोही ऑफकॉमच्या सौम्य खणात जाऊन बसला आहे.

शब्द असे झिजतात. पण सगळीकडे सारखे झिजत नाहीत, आणि एकाच शब्दाच्या सगळ्या कडाही एकदम झिजत नाहीत. 'पुअर बास्टर्ड' म्हणताना आवाजात कणव असते, 'लकी बास्टर्ड'मध्ये कौतुकमिश्रित असूया. पण तोंडावर 'यू बास्टर्ड' म्हटलं की पाती पुन्हा धारदार. 'शिट' म्हणजे भिकार. त्याच्यामागे 'द' लावला की अमेरिकन बोलीत एकदम फक्कड. 'पिस्ड' माणूस लंडनमध्ये प्यायलेला असतो, न्यूयॉर्कमध्ये चिडलेला. मुंबईच्या जुन्या कॅथलिक आणि पारशी वस्त्यांत 'बगर' हा जवळजवळ 'साला'इतका घरगुती शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सांगितला तर बोलणाऱ्याला धक्का बसेल.

आता 'बास्टर्ड' आणि 'अ‍ॅसहोल' शेजारी ठेवून पाहू. दोन्ही नालायक माणसासाठी. पण 'बास्टर्ड'चा शब्दशः अर्थ माणसाच्या जन्मावर बोट ठेवतो, म्हणजे ज्यात त्याचा काडीचाही हात नाही अशा गोष्टीवर. शिवाय ती खरी लागते त्याच्या आईला. 'अ‍ॅसहोल' ऐकायला घाण, पण नेम अचूक : तो माणसाच्या वागण्यावर. अ‍ॅरन जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं २०१२ साली या शब्दावर चक्क एक पुस्तक लिहिलं. त्याची व्याख्या साधारण अशी : आपल्याला खास सवलती मिळायलाच हव्यात असं मुरलेलं ज्याच्या मनात असतं, म्हणून जो त्या सतत घेत राहतो, आणि दुसऱ्यांच्या तक्रारी ज्याच्या कानापर्यंत पोचतच नाहीत, तो. रांग मोडून पुढे जाणारा आणि वर 'काय झालं?' असं खरोखरच न कळून विचारणारा. या माणसाला 'दुष्ट' म्हणणं चूक, 'उद्धट' म्हणणं अपुरं. इथे शिवी हा नैतिक शब्दसंग्रहाचाच भाग आहे, नुसता रागाचा फेस नव्हे.

आणि तरी इंग्रजी माणूस 'बास्टर्ड' सर्रास वापरतो, ऑस्ट्रेलियन तर मित्राला हाक मारायला. बॉडीलाइन मालिकेतला किस्सा सांगतात : इंग्लंडचा कर्णधार जार्डिन तक्रार घेऊन आला की कुणीतरी आपल्याला 'बास्टर्ड' म्हटलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना विचारण्यात आलं की तुम्हा बास्टर्डांपैकी कुणी या बास्टर्डला बास्टर्ड म्हटलं? किस्सा रचलेला असला तरी त्या देशाला तो आवडतो, हे पुरेसं बोलकं आहे.

पण याच शब्दावरून २००८ च्या सिडनी कसोटीत ब्रॅड हॉगवर आरोप ठेवला गेला. कुंबळे आणि धोनीला उद्देशून त्यानं तो वापरला होता. ऑस्ट्रेलियन कानाला ती किरकोळ बाब. आपल्या कानाला थेट आईवर गेलेली. त्याच सामन्यात हरभजननं सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप झाला. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्ससमोर माकडचेष्टा केल्या होत्या, त्यामुळे 'आमच्याकडे माकड हा लाडाचा शब्द' हे समर्थन मुंबईकराच्या तोंडी तरी शोभणारं नव्हतं. अपिलाच्या सुनावणीत बाजू अशी मांडली गेली की शब्द 'मंकी' नव्हे, 'माँ की'नं संपणारी हिंदी शिवी होती. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. तीन कसोटींची बंदी उठली, सामन्याच्या मानधनातला निम्मा हिस्सा दंड झाला.

हे मला आजही विलक्षण वाटतं. एका बाजूला 'बास्टर्ड' आईचा अपमान म्हणून असह्य, आणि दुसऱ्या बाजूला आईवरची शिवी हा बचाव! यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा असा की आपली शिवी आपल्याला झिजलेली वाटते आणि परक्याची कोरी करकरीत. पण झीज शब्दकोशात नसते, ती दोन माणसांमध्ये होते. ऑस्ट्रेलियन मित्रांनी वर्षानुवर्षं एकमेकांना 'बास्टर्ड' म्हणून त्यातलं विष काढलं असेल. ते कुंबळेच्या वतीनं काढलेलं नाही. 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' या वाक्यानं बोलणाऱ्याचा हेतू कळतो, हेतू कळल्यावर माफही करता येतं. कुंबळेनं पर्थच्या कसोटीआधी हॉगविरुद्धची तक्रार मागे घेतली. पण लागलं की नाही हे ठरवणं बोलणाऱ्याच्या हातात नाही. आणि 'मंकी'सारखा शब्द, ज्यामागे एका अख्ख्या वंशाला माणसातून उठवण्याचा इतिहास आहे, तो तर झिजायलाही ज्यांना लागला त्यांचीच परवानगी हवी.

हे मान्य केलं की माझ्या कामाची पंचाईत होते. 'ब्लडी हेल'ला मराठीत सहज 'च्यायला' येतं. वजन बरोबर, लय बरोबर. पण मुळात आई कुठेच नव्हती. मी ती आणून बसवली. आपल्या बहुतेक हाताशी येणाऱ्या शिव्यांत ती असतेच, किंवा बहीण तरी. 'च्यायला' पूर्ण झिजला आहे, त्यात आता कुणाची आई दिसत नाही, असं म्हणणारे भेटतात, आणि ते बहुधा पुरुष असतात. मी तिथे हल्ली 'बोंबला' लिहितो.

'अ‍ॅसहोल'साठी मात्र मराठीत फार नेमका शब्द आहे : माजोरडा. ना आई, ना जात, ना जन्म. नुसता माज, तोही वागण्यातून दिसणारा. जेम्सची सगळी व्याख्या त्यात मावते. मी तो लिहून पाठवतो, आणि मजकूर तपासणाऱ्यांकडून दर वेळी तो परत येतो : शब्द चांगला आहे, पण ही शिवी वाटत नाही.