शीग आणि लिटर

एका मापांतील राशि दुसऱ्या मापांत नेणें हें केवळ गुणाकाराचें काम आहे, अशी आपली समजूत असते. गॅलनांचे लिटर करावयाचे असल्यास ती बव्हंशीं खरीही आहे. गॅलन ब्रिटिश असेल तर ४.५४६ नें गुणावें, अमेरिकन असेल तर ३.७८५ नें, इतकेंच. परंतु पायलीचे लिटर करूं जातांच हा गुणाकार अडतो. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हें कोष्टक पाठ असून भागत नाहीं. कारण पायली कोणत्या गांवची, आणि मुख्य म्हणजे ती सपाट कीं शिगेची, हें कोष्टक सांगत नाहीं.

शीग म्हणजे मापाच्या कांठावर उभी राहणारी धान्याची रास. तिची उंची ठरविणार कोण? ज्याच्या हातीं माप, तो. देतांना कांठावरून हात फिरवावा आणि घेतांना शीग चढवावी. एकही शब्द खोटा न बोलतां अन्याय पुरा होतो, कारण दोन्ही वेळां पायली तीच असते. कौटिल्यानें तर असा भेद उघडपणें लिहून ठेविला आहे. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, व्यवहारांतला १८७॥ पलांचा, वांटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुराच्या वांटपाचा १६२॥ पलांचा. नांव मात्र सर्वांचें द्रोणच! फ्रान्समधील रयतेनें १७८९ सालीं मांडलेल्या गाऱ्हाण्यांतही जमीनदारांच्या मापांविषयींच्या तक्रारी आहेत. १७९५ च्या कायद्यांतला लिटर त्या तक्रारींच्या पाठोपाठ आला. यास्तव शिगेबरोबर औदार्य गेलें म्हणून हळहळणाऱ्यांशीं माझें जुळत नाहीं. मूठभर अधिक घालावयास लिटर कोणाला आडवा येत नाहीं.

तथापि रूपांतराचा खरा पेंच याहून निराळा आहे. समजा, एखाद्या कुळानें दहा पायल्या भात परत करण्याचें वचन दिलें आणि मध्येंच १९५६ च्या कायद्यासारखा कायदा होऊन दशमान मापें आलीं. आतां त्या दहा पायल्यांचे लिटर कसे करावे? शीग धरावी तर सावकाराची जुनी जबरदस्ती सरकारी आंकड्यांत कायमची कोरली जाते. सोडावी तर त्याच्या मतें ठरलेला करार मोडतो. यांतून गणित आपणांस सोडवीत नाहीं. कोणी तरी कारकून निर्णय करतो, उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितो, आणि त्या बारकाव्याकडे पाहून निर्णय कोणी केला हें विचारण्याचें कुळाला सुचत नाहीं.