बोट चुकली असती, तर चूक कुणाची?

मराठीत आपण 'मी बस चुकवली' असं क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, 'बस चुकली'. दहा मिनिटं उशिरा पोचलेले असतो आपण, बस बिचारी वेळेवर सुटलेली असते, तरी वाक्यात चुकते ती बसच. लहानपणापासून हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन. त्यातली गंमत लक्षात आली ती गेल्या डिसेंबरात, मुंबई विमानतळावरून बॅलार्ड पिअरकडे जाताना.

आई-बाबांना क्रूझवर न्यायचं हे माझं जुनं स्वप्न. बाबा एसटीत कंडक्टर होते, सांगली विभागात. आयुष्यभर लोकांना फिरवलं, स्वतः कुठे फिरले नाहीत. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची तीन तिकिटं काढली. ते दोघं सांगलीहून रात्रीच्या गाडीनं आदल्या दिवशीच मुंबईत मावशीकडे आले. मी बंगळुरूत नोकरी करतो. आदल्या दिवशी येण्यासाठी एक सुट्टी जास्त गेली असती, म्हणून त्याच दिवशीचं विमान घेतलं. उतरायची वेळ 12:10, जहाजाचं चेक-इन बंद होणार 3:30 ला. मधे तीन तास वीस मिनिटं. हिशोब मला व्यवस्थित वाटला.

विमान 1:50 ला उतरलं. बॅग घेऊन कॅबमध्ये बसलो तेव्हा 2:25 झाले होते. पासष्ट मिनिटं हातात आणि मॅपवर बॅलार्ड पिअरपर्यंतची रेघ अर्धी लाल. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडनं जायचं आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे पकडायचा, असा ड्रायव्हरकाकांचा बेत होता. वाकोला ओलांडून कलिन्यात शिरलो आणि गाडी थांबली. वीस मिनिटं अशीच गेली. मी पुढे वाकून म्हणालो, "काका, फ्रीवेवर जरा जोरात घ्या. पाचशे रुपये वरून देतो."

त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, चलान माझ्या गाडीवर येणार. आणि कुणाला लागलं, तर पाचशेत भागेल का?"

मी गप्प बसलो. एका मिनिटानं तेच म्हणाले, "तुम्ही असं करा, मेट्रोनं जा. स्टेशन हे काय, समोरच आहे. सीएसएमटीला उतरा, तिथून काळी-पिवळी करा. माझ्या गाडीत बसून राहिलात तर नाही पोचणार."

त्यांनी ट्रिप तिथेच बंद केली. विमानतळ ते बॅलार्ड पिअर एवढं मोठं भाडं सोडून कलिन्यापर्यंतचे पैसे घेतले. मी पाचशेची नोट पुढे केली. ते म्हणाले, "राहू द्या, पळा."

मेट्रोच्या पायऱ्या उतरताना बाबांचा फोन आला. "आम्ही आत चाललोय," ते म्हणाले. "तुझी वाट बघत बाहेर बसलो, तर तिघांचीही चुकेल." मागून आईचा आवाज येत होता, तिला थांबायचं होतं. फोन कट झाला. भुयारात रेंज नव्हती. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मॅप नाही, मेसेज नाही, काहीच नाही. करण्यासारखं काही उरलं नाही की माणूस विचार करतो. मी आधी चिडलो. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते मला सोडून चालले? मग दादर गेलं, वरळी गेलं आणि राग उतरत गेला.

बाबा असेच आहेत. त्यांच्या हातात घंटीची दोरी असायची. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. लांबून हात करत पळत येणारं माणूस दिसलं, तर थांबायचं की दोन घंट्या द्यायच्या, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. ते सांगायचे, "थांबलं की पुण्य लागतं असं पळणाऱ्याला वाटतं. पण आत पन्नास माणसं असतात. कुणाला पुढची गाडी धरायची असते, कुणाला दवाखान्यात पोचायचं असतं. मी ज्याच्यासाठी थांबतो, त्याला पन्नास जणांची पाच-पाच मिनिटं देतो. ती माझी नसतात."

पण हेच बाबा थांबलेही आहेत. जत तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाची गाडी जायची. ती संध्याकाळची शेवटची. कॉलेजच्या दोन मुलींचा तास उशिरा सुटायचा, तेव्हा ते ड्रायव्हरला सांगून गाडी धरून ठेवायचे. लोक कुरकुरायचे. मी एकदा विचारलं होतं, "मग तुमचा नियम कुठे गेला?" त्यांचं उत्तर होतं, "त्यांच्यामागे दुसरी गाडी नव्हती. आणि उशीर त्यांनी केला नव्हता."

मला वाटतं, वाट बघण्याचं नीतिशास्त्र या दोन वाक्यांत जवळजवळ पूर्ण येतं. उशीर झालेल्या माणसाला दुसरी संधी आहे का? आणि तो उशीर त्यानं ओढवून घेतला की त्याच्यावर आला? भुयारात बसून मी दोन्ही प्रश्न स्वतःला लावून पाहिले. मला दुसरी संधी होती, फार तर पैसे बुडाले असते. आणि विमानाचा उशीर माझा नसला, तरी उशिराला जागा न ठेवण्याचा निर्णय माझाच होता.

आमच्या कामात याला बफर म्हणतात. एक सिस्टिम दुसरीवर अवलंबून असेल, तर मधे थोडी मोकळी जागा सोडायची. बफर काढून टाकला की सगळं वेगवान आणि स्वस्त दिसतं, पण धोका नाहीसा होत नाही, तो पुढच्याच्या अंगावर जातो. मी एक सुट्टी वाचवली. त्या सुट्टीची किंमत आईच्या जिवाच्या घालमेलीनं भरली, काकांनी अर्धं भाडं सोडून भरली, आणि त्यांनी माझं ऐकलं असतं तर कदाचित फ्रीवेवरच्या एखाद्या अनोळखी माणसानं भरली असती.

सगळा दोष माझाच, असंही मला म्हणायचं नाही. एकेकाळी बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागूनच रेल्वे स्टेशन होतं. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथून सुटायची, युरोपहून टपालाच्या बोटीनं आलेल्यांना घेऊन. बोट आणि आगगाडी एकमेकींना बांधलेल्या होत्या. आज विमान एकाचं, जहाज दुसऱ्याचं, कॅब तिसऱ्याची. त्यांना जोडणारा सांधा म्हणजे प्रवासी. काहीही निसटलं तरी 'आमची जबाबदारी नाही' हे तिघंही प्रामाणिकपणे म्हणू शकतात. जोडण्याचं काम कुणाच्याही लक्षात न येता आपल्यावर आलंय, आणि ते नीट करायला लागणारी जास्तीची सुट्टी, हॉटेलची एक रात्र सगळ्यांनाच परवडते असं नाही. बफर ही श्रीमंतांची चैन होऊन बसली आहे. मला ती परवडत होती. तरी मी घेतली नाही, म्हणून माझी तक्रार लंगडी पडते.

मग जहाजानं थांबावं का? थोडं थांबलं तर काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. पण दार लवकर बंद होतं, त्यामागे दुसऱ्यांच्या मरणाचा इतिहास आहे. 13 जानेवारी 2012 ला इटलीतल्या चिवितावेक्किया बंदरातून निघालेलं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं. 32 माणसं गेली. तेव्हाच्या नियमानुसार सुरक्षेची कवायत 24 तासांच्या आत घेतली तरी चालायची, त्यामुळे त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ती झालेलीच नव्हती. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावी लागते. म्हणजे त्याआधी सगळे आत हवेत आणि यादी पक्की हवी. यादी हा शब्द सरकारी वाटतो. पण 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, त्याबद्दल ज्या घरांत अजून बोललं जातं, तिथे विचारा. 600 हून अधिक माणसं गेली. आत नेमकं कोण आहे हे माहीत असणं, ही माणसाची काळजी घेण्याची पहिली पायरी आहे. दार बंद करणारा माणूस कठोर नसतो, तो आत असलेल्यांची मोजदाद करत असतो.

3:15 ला सीएसएमटीला वर आलो. काळी-पिवळी मिळाली. 3:24 ला काउंटरवर पोचलो. सहा मिनिटं राखून.

हा प्रसंग मी ऑफिसात कितीतरी वेळा रंगवून सांगितला. सगळे हसले, कुणीतरी 'लेजंड' म्हणालं. इथेच मला अडकल्यासारखं होतं. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'मॉरल लक' ही कल्पना मांडली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या दोघांची गाडी फुटपाथवर चढते. एकाच्या वाटेत कुणी नसतं, दुसऱ्याच्या वाटेत माणूस असतो. दोघांनी केलं तेच, तरी जग एकाला निष्काळजी म्हणतं आणि दुसऱ्याला मारेकरी. मी सहा मिनिटं आधी पोचलो म्हणून माझी गोष्ट किस्सा झाली. सात मिनिटं उशीर झाला असता तर तीच गोष्ट घरात वर्षभर बोचली असती. सुट्टी वाचवायचा निर्णय दोन्हीकडे तोच. पाचशेची नोटही तीच.

म्हणून मला आता पोचल्याचा फारसा अभिमान वाटत नाही. नेगल म्हणतो तसं निकालावरून माणूस तोलायचं आपण पूर्णपणे थांबवू शकत नाही, हे मला पटतं. पण स्वतःपुरतं एवढं करता येतं: निभावून गेलेली चूकसुद्धा चूक म्हणून मोजायची. नाहीतर प्रत्येक वेळी बस चुकत राहते आणि आपण कधीच चुकत नाही.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी डेकवर उभे असताना मी बाबांना विचारलं, "मी आलोच नसतो तर?"

"तर आम्ही गोवा बघून आलो असतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, समुद्राकडे बघत, "त्या ड्रायव्हरचं नाव काय होतं रे?"

मी फोन काढला, ॲप उघडलं. नाव तिथे होतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं.