युक्त म्हणजे कमी नव्हे



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या ६ व्या अध्यायातल्या १६ आणि १७ या दोन श्लोकांवर.

आधी संदर्भ बघू. या अध्यायात भगवंत ध्यान शिकवतायत. जागा कशी असावी, आसन कसं असावं, पाठ-मान-डोकं कसं सरळ ठेवावं, हे सगळं सांगून होतं. आपल्याला वाटतं, आता समाधीबद्दल काहीतरी गूढ ऐकायला मिळणार. आणि भगवंत थेट स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत शिरतात! फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, कामातली धडपड, झोप आणि जागेपण 'युक्त' आहे, त्याचा योग दुःख घालवतो. एका श्लोकात 'युक्त' हा शब्द तीनदा येतो. म्हणजे किल्ली तिथंच आहे.

आपण 'युक्त'चा अर्थ 'कमी' असा करून टाकतो. कमी खा, कमी झोपा, छंद सोडा, मग भक्ती होईल. पण शब्दात 'कमी' कुठंच नाही. 'युक्त' आणि 'योग' दोन्ही 'युज्' या एकाच धातूपासून, म्हणजे जोडणं. बैलांच्या मानेवरचं 'जू' त्याच घरातलं.

आपल्या लातूरकडं ज्यांनी बैलगाडीत तुरीची पोती भरलेली बघितली असतील, त्यांना हे लगेच कळेल. पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळते, पुढचा दांडा वर उचलला जातो. पुढं जास्त झाली की सगळा भार बैलांच्या मानेवर. पोती तेवढीच असतात, प्रश्न ती कुठं ठेवली याचा असतो.

हाच धडा मला पुढं विमान कंपनीत मिळाला. सॉफ्टवेअरमध्ये यायच्या आधी काही वर्षं मी हैदराबादला ग्राउंड ऑपरेशन्समध्ये होतो. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात हैदराबाद-नांदेडही होतं. त्या मार्गावर पंख्यांचं एटीआर विमान यायचं, सत्तरेक सीटचं. अशा प्रत्येक विमानासाठी सुटण्याआधी लोडशीट बनते. प्रवासी किती, कोणत्या भागात बसलेत, पुढच्या कप्प्यात सामान किती, मागच्या कप्प्यात किती, इंधन किती. एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून भागत नाही. त्या वजनाचा मध्यबिंदूही ठरलेल्या हद्दीत लागतो. वजन कमी असूनही मध्य हद्दीबाहेर गेला, तर विमान जागेवरून हलत नाही. म्हणून कधी कधी विमान अर्धं रिकामं असताना हवाई सुंदरी चार जणांना उठवून दुसऱ्या रांगेत बसवते. लोक वैतागतात, "एवढ्या सीटा रिकाम्या आहेत की!" त्यांना कुणी उतरवत नसतं, फक्त जागा बदलून देतात.

आता श्लोकातला 'विहार' हा शब्द बघा. विहार म्हणजे फिरणं, रमणं. आजच्या भाषेत आपले छंदही त्यात आले. भगवंतांनी त्याला उतरवलेलं नाही, सीट दिलेली आहे. क्रिकेट, गिटार, ट्रेकिंग हे साधनेचे शत्रू नाहीत. रात्री दोनपर्यंत रील बघून सकाळी हरिपाठाला डोळे मिटत असतील, तर विहार झोपेच्या सीटवर जाऊन बसलाय, एवढंच.

दुसरी गोष्ट. समतोल दरवेळी काढून टाकल्यानं येत नाही, कधी कधी वजन वाढवावं लागतं. मला बाल्साच्या लाकडाची छोटी ग्लायडर बनवायचा नाद आहे. हलकं, सुबक विमान बनवून हातातून सोडलं की ते नाक वर करतं, थबकतं आणि खाली आपटतं. मग त्याच्या नाकाला मातीचा छोटा गोळा चिकटवायचा. वजन वाढलं, आणि तेच विमान गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांत तरंगत जातं.

हे मला घरात फार उपयोगी पडलं. माझी आई वारकरी, आणि तिला शुगर आहे. एकादशीला ती गोळी घ्यायची नाही. "एकादशीला कुठं गोळी घेत असतेत का रे?" आणि दिवसभर चहा, नाहीतर साबुदाणा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शुगर चढणारच. एका आषाढीला तिला देवघरासमोरच चक्कर आली. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता, तिची श्रद्धा माझ्यापेक्षा जुनी आहे. मी तिच्या शेजारी बसून हाच श्लोक आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या वाचल्या. माऊली तिथं खाणं, चालणं, बोलणं सगळं मापात सांगतात, आणि झोपेचाही आदर करायला सांगतात. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माऊलीच म्हणायलेत तर मग डॉक्टरला विचार." आता एकादशीला काय खायचं, गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. उपवास सुटला नाही. एक गोळी वाढली आणि उपवास सरळ चालायला लागला.

तुमच्यापैकी काही जण रात्रपाळी करून पहाटे चारला जपाला बसतात आणि तसेच बाईकवर ऑफिसला निघतात. मंडळी, तुमची तळमळ खरी आहे. पण न झोपणाऱ्याला योग नाही, हे भगवंतांचंच म्हणणं आहे. तुमच्या साधनेत एका गोष्टीची भर घाला, झोपेची. जप उठल्यावर करा, देव कुठं पळून जात नाही.

कुणी म्हणेल, ही तर आळसाला पळवाट झाली. नाही. लोडशीटवर 'अंदाजे' चालत नाही. आकडे खरे लिहावे लागतात, आणि हद्द आपल्या आवडीनं ठरत नाही. शरीराची हद्द डॉक्टर सांगतात, साधनेची गुरू, आणि घराची हद्द घरातली माणसं सांगतात, आपण ऐकलं तर. शिवाय समतोल हे काही मुक्कामाचं ठिकाण नाही. विमान समतोल करतात ते उडण्यासाठी. आपला समतोल नामासाठी, दुःख घालवणाऱ्या त्या योगासाठी.

आज रात्री एक कागद घ्या. आहार, विहार, काम, झोप असे चार कप्पे करा आणि आजचे तास खरे खरे लिहा. काय काढायचं ते नंतर बघू. आधी काय चुकीच्या सीटवर बसलंय ते शोधा, आणि कुठं मातीचा एक गोळा कमी पडतोय तेही.

राम कृष्ण हरी.