गाळ्यातली मंडळी

युक्लिडच्या बिंदूला स्थान असतं, लांबी-रुंदी नसते. भूमितीच्या तासाला हे घोकलेलं कुणीही सहसा विसरत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात या युक्लिडच्या नावाचं एक शहर आहे, क्लीव्हलँडला खेटून, ईरी सरोवराच्या काठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कनेक्टिकट लँड कंपनीचे मोजणीदार हा मुलूख मापायला आले, तेव्हा त्यांनी आपल्या विद्येच्या मूळपुरुषाचं नाव या टापूला देऊन टाकलं. नाव बिंदूवाल्याचं, पण पुढे या गावाने देशाला धडा दिला तो रेषांचा.

१९२२ मध्ये गावाने नकाशा पुढ्यात घेतला आणि ठरवलं, की इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. अँब्लर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती आणि ती कारखान्यांना विकायचा तिचा बेत होता. नव्या रेषांनी तो बेत अडवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९२६ मध्ये न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला आणि तेव्हापासून अशा नगररचनेला अमेरिकेत ‘युक्लिडियन झोनिंग’ म्हणतात. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा धर्म आधीच ठरवता येतो, असा हा विश्वास. धर्म म्हणजे इथे वापर, पण शब्द तितकासा चुकीचा नाही.

याच शहरातल्या एका भूखंडाने हा विश्वास पुरता मोडीत काढला. त्या जागेवर आधी चेस ब्रास अँड कॉपर कंपनीचा कारखाना होता. तो गेला आणि १९७७ मध्ये युक्लिड स्क्वेअर हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा राहिला. एका टोकाला हिग्बीज, दुसऱ्या टोकाला मे कंपनी, अशी दोन मोठी दुकानं, आणि मधल्या लांबलचक बोळात छोटे गाळे. मॉलच्या धंद्यात अशा मोठ्या दुकानांना ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. गिऱ्हाईक ओढून आणायचं काम त्यांचं, म्हणून त्यांना भाडं नाममात्र. त्या गर्दीचं मोल मोजायचं ते मधल्या गाळेवाल्यांनी. भाडेकरारांत बहुधा एक अट असते: नांगर उचलला गेला, तर गाळ्याचं भाडं उतरेल किंवा गाळेवाला मोकळा होईल. म्हणजे एक मोठं दुकान गेलं की मालकाचं दुहेरी नुकसान. युक्लिडमध्ये नेमकं हेच झालं. मे कंपनीच्या जागी आलेलं कॉफमन्स १९९० च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या रिचमंड हाइट्समधल्या मॉलकडे गेलं आणि युक्लिड स्क्वेअर एकेका शटरने मिटत गेला. (तो रिचमंडचा मॉलही पुढे पाडला गेला. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक पळवून कायमचं पोट भरत नाही, हे मॉलवाल्यांना फार उशिरा कळलं.)

इथवरची गोष्ट अमेरिकेत शेकडो ठिकाणी घडलेली आहे. युक्लिडमध्ये त्यानंतर जे झालं ते निराळं. रिकाम्या गाळ्यांत चर्चेस आली. एक नाही, दोन नाही, वीसहून अधिक. लहान, स्वतःच्या बळावर चालणाऱ्या या मंडळ्यांना स्वतंत्र इमारत परवडत नव्हती आणि मॉलमालकाला कुणीही भाडेकरू चालत होता. जिथे कधीकाळी कपडे नि बूट विकले जात तिथे खुर्च्या मांडल्या गेल्या, व्यासपीठं आली, ध्वनिक्षेपक आले. गाडी लावायला भरपूर जागा, सरोवरावरून बर्फाळ वारा सुटला तरी आत ऊब, म्हाताऱ्यांना चढायला पायऱ्या नाहीत. देवाला यात काय कमी पडलं असेल, हे सांगणं अवघड आहे.

आता शब्दांकडे वळायला हवं, कारण या गाळ्यांतला खरा प्रश्न शब्दांतच लपला आहे. नव्या करारात ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ सभा, बोलावून एकत्र आलेली माणसं. मराठी बायबलने त्याला चपखल प्रतिशब्द योजला: मंडळी. कीर्तनकार समोरच्यांना जे म्हणतो, जुन्या काळचा गृहस्थ बायकोचं नाव न घेता तिला जे म्हणायचा, तोच हा शब्द. त्यात विटा नाहीत, नुसती माणसं. पण तोच ग्रीक शब्द लॅटिन आणि पोर्तुगीज वळणांनी गोव्याला पोचला, तेव्हा त्याची इगर्ज झाली आणि इगर्ज म्हणजे पांढऱ्या भिंतींची, घंटेची इमारत. एकाच शब्दाचे हे दोन संसार. पावित्र्य जमलेल्या माणसांत असतं की जिथे ती जमतात त्या ठिकाणात, हा वाद एका शब्दाच्या पोटात दोन हजार वर्षं चालू आहे.

मंगळवेढ्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या बसवण्णांनी अशाच वादात बाराव्या शतकात स्थावर, म्हणजे एका जागी उभं, आणि जंगम, म्हणजे चालतं-फिरतं, असा भेद करून आपला कौल निःसंदिग्धपणे जंगमाला दिला होता. गंमत अशी, की आज मराठी माणसाला ही जोडी भेटते ती बहुतेक वेळा मालमत्तेच्या कागदांत: स्थावर म्हणजे घर-जमीन, जंगम म्हणजे दागिने, गाडी, पैसाअडका. युक्लिडच्या मंडळ्यांना दोन्ही अर्थ एकदम लागू पडत होते. मनाने जंगम खऱ्याच, पण त्या चालत होत्या त्या स्वस्त भाड्याच्या छपराखाली.

मॉललाच मंदिर मानणारेही होते. धर्माभ्यासक आयरा झेप यांनी १९८६ मध्ये अमेरिकन मॉल हे आधुनिक काळातलं विधिकेंद्र असल्याचं पुस्तकभर मांडलं. मध्यभागी कारंजं, चार दिशांना फुटणाऱ्या वाटा, ऋतूंप्रमाणे बदलणारी सजावट, सणासुदीला लोटणारी गर्दी, हे सारं त्यांना तीर्थक्षेत्राच्या रचनेसारखं दिसलं. निरीक्षण पक्कं आहे. पहिल्या पूर्ण बंदिस्त मॉलचा कर्ता व्हिक्टर ग्रुएन यालाही दुकानांपलीकडचं काही हवंच होतं. १९०३ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू वास्तुकार १९३८ मध्ये नाझींपासून पळून अमेरिकेत आला. १९५६ मध्ये मिनेसोटातल्या एडायनामध्ये त्याने साउथडेल बांधलं, ते मोटारींमुळे विस्कटलेल्या उपनगराला गावचा चौक मिळावा म्हणून. भोवती घरं, शाळा, दवाखाने यावेत, असं त्याला वाटत होतं. आला तो डांबरी वाहनतळ. अखेरीस त्याने या अपत्याचं पितृत्वच नाकारलं.

तरीही झेप यांची तुलना घाईची वाटते. देऊळ ओळखायची खूण कळस किंवा गर्दी नव्हे. ते पडायला लागल्यावर कुणाच्या पोटात कालवतं, ही आहे. आपल्याकडे नवं देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य मोठं मानलं गेलं, ते उगाच नाही. अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वर सावरलं, ते त्यांच्या राज्याला त्यातून महसूल मिळणार होता म्हणून नव्हे. पडक्या वास्तूचं देणं पिढ्यांवर चढत जातं. मॉलचं देणं बँकेचं असतं आणि ते फिटलं किंवा बुडलं की विषय संपला.

याचा पडताळा युक्लिडच्या शेजारीच मिळतो. मॉलच्या गाळ्यांत प्रार्थना चालू असतानाच, २००९-१० मध्ये, क्लीव्हलँडच्या कॅथलिक धर्मप्रांताने सुमारे ५० पॅरिश, म्हणजे वस्तीवस्तीतल्या चर्चमंडळ्या, बंद केल्या. कारणं ओळखीची होती: पैसा नाही, धर्मगुरू अपुरे, माणसं उपनगरांत गेलेली. चर्चच्या कायद्यात यासाठी एक विलक्षण तरतूद आहे. प्रार्थनेसाठी न वापरायची इमारत लौकिक कामाला देता येते, मात्र ते काम हिणकस असता कामा नये. म्हणजे पावित्र्य काढून घेतलं तरी भिंतींची थोडी अब्रू उरतेच. भाविक गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट रोमकडे दाद मागितली आणि २०१२ मध्ये व्हॅटिकनने १३ पॅरिश बंद करण्याचे निर्णय फिरवले.

मॉलसाठी दाद मागायला रोम नाही. युक्लिड स्क्वेअरची इमारत असुरक्षित असल्याचं सांगून शहराने २०१६ मध्ये ती रिकामी करायला लावली. मंडळ्यांनी खुर्च्या उचलल्या आणि वाट फुटेल तिकडे गेल्या. बाहेर पडलेल्या प्रत्येक मंडळीला दुसरीकडे जागा मिळूही शकते. परत मिळत नाही तो शेजार. इतक्या निरनिराळ्या पद्धतींनी प्रार्थना करणारी माणसं एका बोळात, एका छपराखाली एकमेकांना भेटत होती. असं ऐक्य घडवायला धर्मपरिषदा बसतात आणि बहुधा रिकाम्या हाताने उठतात. इथे ते भाड्याच्या दराने घडलं आणि भाडेकरूंबरोबरच संपलं.

मॉल पाडला गेला. २०१९ मध्ये त्या जागी अ‍ॅमेझॉनचं गोदाम सुरू झालं. हजारभर नोकऱ्यांचं आश्वासन होतं आणि करासाठी आसुसलेल्या शहराने त्याचं स्वागत केलं, हे समजण्यासारखं आहे. कारखाना, बाजार, प्रार्थनास्थळ, गोदाम: एका भूखंडाने एकामागून एक चार धर्म पाळले. यातल्या शेवटच्या इमारतीत गिऱ्हाईक पाऊल टाकत नाही. वस्तूच निघून माणसाच्या दारी जाते. जंगमाचा असा विजय बसवण्णांच्या स्वप्नातही आला नसेल.

क्लीव्हलँडमधल्या सेंट पीटर चर्चची हकीकत मात्र या सगळ्या हिशेबात बसत नाही. २०१० मध्ये ते बंद झालं, तेव्हा त्याच्या भाविकांपैकी पुष्कळांनी आपल्या धर्मगुरूसह वेगळा समुदाय स्थापन केला आणि युक्लिड अव्हेन्यूवरच्या एका व्यापारी इमारतीत भाड्याची जागा घेतली. बिशपांचा विरोध होता, तरी रविवारची उपासना तिथेच होऊ लागली. २०१२ मध्ये रोमचा निकाल आला आणि त्यांचं जुनं, एकोणिसाव्या शतकातलं चर्च पुन्हा उघडलं. कुलूप निघालं, घंटा वाजली. भाड्याच्या जागेतले बहुतेक जण परतले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या धर्मगुरूला चर्चने बहिष्कृत केलं, तरी ते हलले नाहीत. एकाच मंडळीतून निघालेली माणसं एकाच शहरात, दर रविवारी, दोन ठिकाणी जमू लागली. काही कमानीखाली आणि काही ऑफिसच्या छताखाली.