न दिसणाऱ्यांचे मोल

मक्तबमधील एका मुलाने विचारले, “मौलाना, जे जीव डोळ्यांना दिसतच नाहीत, ते अल्लाहने कशासाठी निर्माण केले?”

मी उत्तर दिले ते उपयोगाचे. समुद्रात प्रोक्लोरोकॉकस नावाचा प्रकाशावर जगणारा जीवाणू आहे. आकाराने तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. उष्ण समुद्राच्या एका थेंबात हजारोंनी सापडतो. तो, डायटम आणि इतर वनस्पतिप्लवक मिळून पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा वाटा उचलतात. कोकणातील दालदी बांधवांच्या जाळ्यात येणारा बांगडाही प्लवकांवरच पोसतो.

मुलाने पुन्हा विचारले, “आणि जे उपयोगाचे नाहीत, ते?”

येथे मी थांबलो. प्रोक्लोरोकॉकसची ओळख विज्ञानजगताला १९८८ साली झाली. त्यापूर्वीही तो प्राणवायू देतच होता. आपल्याला मात्र त्याचे नावही ठाऊक नव्हते. तेव्हा निरुपयोगी कोण, हे ठरविण्याइतके आपले ज्ञान मोठे आहे काय? आणि काही जीव तर खरोखरच त्रासदायक ठरतात. ज्याच्यामुळे कोकणच्या लाटा रात्री निळ्या चमकतात, तो नॉक्टिल्युका बेसुमार वाढला की मासळीवर संकट येते. मग त्याचे मोल संपले काय?

सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पूर्वीच्या एका प्रेषितांचा प्रसंग सांगितला आहे. एक मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे सबंध वारूळ जाळविले. त्यावर अल्लाहने त्यांना खडसावले, की एका मुंगीपायी तुम्ही अल्लाहची तस्बीह करणारा एक समुदायच जाळून टाकला. मुंग्यांचा उपयोग काय, हा प्रश्न तेथे निघालाच नाही. दंश झाला होता हे खरे, तरीही त्यांची तस्बीह मोलाची होती. सृष्टीतील प्रत्येक वस्तू आपल्या निर्मात्याचे पावित्र्य गाते आणि ते आपल्याला उमगत नाही, ही पवित्र कुरआनची शिकवण आहे. जीवाचे मोल त्याच्या निर्मात्याशी असलेल्या या नात्यात आहे. आपला फायदा ही त्यावर मिळालेली नेमत होय, आणि नेमतीसोबत जबाबदारी येते.

मनुष्य पृथ्वीवर खलीफा आहे, मालक नव्हे. ईदनंतर कुर्बानीचे अवशेष खाडीत लोटताना किंवा गाडीचे जळके तेल गटारात ओतताना ही अमानत आपल्याला आठवते काय? तेथे कोणाची तस्बीह थांबली, हे आपल्या कानांना कळत नाही. ज्याला ती ऐकू येते, तो एके दिवशी हिशेब विचारणार आहे. मुलाला मी अखेर हेच उत्तर दिले.